घोडवाटेवरील सायकल

१९६८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें 'कंट्रीसाइड ॲक्ट' नांवाचा एक कायदा संमत केला. त्याचें तिसावें कलम लहानसें आहे. त्याचा आशय असा कीं, जी वाट 'ब्रायडलवे' म्हणून सार्वजनिक आहे, म्हणजे जीवरून पायीं अथवा घोड्यावर बसून जाण्याचा सर्वांस हक्क आहे, तीवरून यापुढें कोणाही माणसास सायकलीवरून जाण्याचा हक्क राहील. मात्र सायकलस्वारानें पादचाऱ्यास व घोडेस्वारास आधीं वाट द्यावी. त्याच कलमांत पुढें अशीही पुस्ती जोडलेली आहे कीं, या हक्कामुळें सायकलस्वाराच्या सोयीसाठीं वाट सुधारण्याचें कोणतेंही बंधन रस्त्यांच्या अधिकाऱ्यांवर पडत नाहीं. खुशाल जा, पण चिखल आहे तसाच राहील, असें हें दान आहे. आज ससेक्स, हॅम्पशायर, विल्टशायर या परगण्यांतील हिरव्या टेकड्यांवरून माउंटन बाइकवर बसून जे असंख्य स्त्रीपुरुष दर रविवारीं जातात, ते बहुतांशीं या दानाच्या जोरावर जातात. आणि त्यांतील फारच थोड्यांना तें ठाऊक असतें.

माउंटन बाइकचा इतिहास लिहिणारे बहुधा कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यापासून आरंभ करतात. तेथील एका डोंगर-उतारावरून १९७६ सालच्या ऑक्टोबरांत कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड चाकांच्या सायकली सोडून शर्यत लाविली. उतार इतका तीव्र कीं, मागील चाकांतील ब्रेक तापून त्यांतलें वंगण जळून जाई व तें पुन्हा भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक' पडलें. १९८१ सालीं 'स्टंपजंपर' या नांवाची कारखान्यांत तयार झालेली डोंगरी सायकल बाजारांत आली आणि पुढील दहा वर्षांत ती जगभर पसरली. यंत्रापुरता हा इतिहास खरा आहे. परंतु यंत्राला चालावयास वाट लागते, आणि इंग्लंडांतील वाटेचा इतिहास कॅलिफोर्नियाहून पुष्कळ जुना व, आमच्या मतें, पुष्कळ अधिक चित्तवेधक आहे. त्या देशांतील सायकलस्वारानें एके काळीं गुळगुळीत रस्त्यासाठीं आंदोलन केलें, तो रस्ता मिळविला, दुसऱ्याच्या हातीं गमावला, आणि मग जुन्या चिखलवाटेकडे तो परत वळला. परत वळला तेव्हां ती वाट शिल्लक होती. ती शिल्लक कशी राहिली, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम भूमीचा विचार करूं. दक्षिण इंग्लंडांत सॉल्सबरीच्या पठारापासून हाताचीं बोटें पसरावीं तशा टेकड्यांच्या रांगा निघालेल्या आहेत. दोन रांगा पूर्वेस समुद्राकडे जातात, त्या नॉर्थ डाउन्स व साउथ डाउन्स. ईशान्येकडे जाणारी रांग पुढें चिल्टर्न टेकड्यांना मिळते. या टेकड्यांना 'डाउन्स' म्हणतात. वर चढत जावयाच्या जागेला हें नांव कसें, असा प्रश्न आमच्या वर्गांत दर दोनतीन वर्षांनीं एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच. त्याला सांगावें लागतें कीं, हा शब्द टेकडीवाचक प्राचीन इंग्रजी शब्दाचा वंशज असून 'खालीं' या अर्थाचा शब्दही त्याच मुळापासून, 'टेकडीवरून' या अर्थानें, निघालेला आहे. या टेकड्या कोठेंही पुरत्या तीनशें मीटर उंच नाहींत. सह्याद्रीच्या सावलींत वाढलेल्या माणसानें त्यांस डोंगर म्हणणें म्हणजे औदार्यच होय. पण त्यांचा दगड पाहण्यासारखा आहे. तो पांढराशुभ्र खडू आहे. प्राचीन समुद्राच्या तळाशीं सूक्ष्म जीवांचीं कवचें कोट्यवधि वर्षें सांचून झालेला. ज्या भूयुगाच्या अखेरीस आपल्या दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याच्या रूपानें ओतला गेला, त्याच युगांत हा पांढरा दगड तिकडे थराथरानें बसत होता.

खडू पाणी शोषून घेतो. डाउन्सच्या माथ्यावर पडलेला पाऊस जमिनींत मुरतो आणि पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर येतो. म्हणून गांवें पायथ्याशीं वसलीं, आणि माथा उघडा, कोरडा, मेंढ्यांनीं कुरतडलेल्या आखूड गवताचा राहिला. याच्या उलट खालच्या खोऱ्यांत चिकण माती. हिवाळ्यांत ससेक्सच्या त्या मातींत गाड्या कण्यापर्यंत रुतत. तेव्हां ज्याला दूर जावयाचें असे तो धारेची वाट धरी. कोणत्याही राजानें आंखल्यावांचून, कोणत्याही अभियंत्यानें मोजल्यावांचून, केवळ पाय कोरडे ठेवण्याच्या गरजेंतून या वाटा उमटल्या.

त्यांतील सर्वांत प्रख्यात वाट 'रिजवे' ही होय. विल्टशायरमध्यें एव्हबरीच्या प्रचंड शिलावर्तुळाजवळील ओव्हरटन हिलपासून ती निघते आणि बकिंगहॅमशायरमधील आयव्हिंगो बीकनपर्यंत जाते. लांबी सुमारें ८७ मैल. वाटेंत बार्बरी, लिडिंग्टन, ॲफिंग्टन येथील लोहयुगीन गढ्यांचे तट लागतात. ॲफिंग्टन येथें हिरव्या उतारावर खडूनें भरलेली सुमारें ११० मीटर लांबीची पांढऱ्या घोड्याची आकृति आहे. शास्त्रीय परीक्षेवरून ती जवळजवळ तीन हजार वर्षांची ठरते. गवत वाढून ती बुजूं नये म्हणून पिढ्यान् पिढ्या गांवकरी तिची साफसफाई करीत आले. तेथून मैलदीड मैलावर 'वेलंड्स स्मिदी' नांवाचें नवाश्मयुगीन थडगें आहे. लोककथा अशी कीं, तेथें घोडा बांधून दगडावर नाणें ठेवावें व दूर जावें. परत यावें तों वेलंड नांवाच्या अदृश्य लोहारानें घोड्याला नाल ठोकलेला असतो. त्या वाटेवर खडूंतून वर आलेल्या गारगोट्यांच्या धारेनें सायकलीचे टायर फाटतात. त्यांची व्यवस्था पाहणारा लोहार मात्र कोणत्याही दंतकथेंत नाहीं. रिजवे ही पांच हजार वर्षांची अखंड एकच वाट आहे असें जें उत्साहानें सांगितलें जातें, त्याविषयीं हल्लींचे पुरातत्त्वज्ञ सावध असतात. एकच आंखीव रस्ता असा तो नसून धारेवरून जाणाऱ्या अनेक वाटांचा पट्टा असावा, असें समजणें अधिक सुरक्षित.

अठराव्या शतकांत या हिरव्या वाटांना नवें आयुष्य आलें तें गुरांच्या हेड्यांमुळें. खालच्या मोठ्या रस्त्यांवर तेव्हां 'टर्नपाइक' म्हणजे टोलनाके बसले होते व जनावरामागें पैसा द्यावा लागे. लंडनच्या बाजाराकडे शेंकडों गुरें हांकीत नेणाऱ्याला तो भुर्दंड परवडत नसे. शिवाय खडीच्या रस्त्यावर गुरांचे खूर झिजत. माथ्यावरील वाटेवर टोल नव्हता व चरावयास गवत फुकट होतें. पुढें आगगाडी आली, गुरें डब्यांत बसूं लागलीं, आणि वाटा पुन्हा निर्जन झाल्या.

माथ्यावरच्या वाटांचें झालें. उताराच्या वाटा निराळ्या. सरे व हॅम्पशायर या परगण्यांत खडूच्या शेजारींच वालुकाश्माचा एक मऊ थर आहे. त्यांत शतकानुशतकें गाडीचीं चाकें, जनावरांचे खूर व पावसाचें पाणी यांनीं वाट खोल खोल कोरली, इतकी कीं दोहों बाजूंस माणसाच्या डोक्याहून उंच दरडी, दरडींतून लोंबणारीं झाडांचीं मुळें, आणि वर फांद्यांचें छत. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या सेलबर्न गांवच्या निसर्गवर्णनांत अशा वाटांचें चित्र काढलेलें आहे. मराठी वाचकाला हें सांगण्यास आम्हांस परका शब्द शोधण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे तिला पाणंद म्हणतात. निवडुंगाच्या ऐवजीं बीच व हेझेल, आणि बैलगाडीच्या चाकोरीऐवजीं आतां जाड रबरी चाकाचा माग, एवढाच फरक.

आतां या वाटांवर आलेल्या संकटाकडे येऊं. इंग्लंडांत पूर्वीं गांवोगांव गायरानें होतीं आणि शेतें उघडीं, पट्ट्यापट्ट्यांनीं वांटलेलीं होतीं. ती व्यवस्था मोडून जमीन कुंपणाखालीं आणण्याचें सत्र चाललें, आणि तें चोरून नव्हे, तर पार्लमेंटाच्या कायद्यानें. १६०४ ते १९१४ या काळांत असे ५,२०० हून अधिक कायदे झाले व त्यांखालीं सुमारें ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग, आला. प्रत्येक कायद्याबरोबर आयुक्त नेमले जात. ते नकाशा काढीत, कोणती वाट राहील, कोणती मोडेल, कोणती सरळ करावी हें ठरवीत. कुंपणाच्या मधून गेलेल्या, सरळसोट, एकसारख्या रुंदीच्या ज्या हिरव्या गल्ल्या आज दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ या आयुक्तांच्या पट्टीनें आंखलेल्या आहेत. पुढें १८१५ च्या कायद्यानें तर दोन न्यायाधिकाऱ्यांनीं 'निरुपयोगी' म्हटलें कीं वाट बंद, अशी सोय करून दिली. हे न्यायाधिकारी म्हणजे बहुधा आसपासचे जमीनदारच. शेजाऱ्याच्या बागेंतून जाणारी वाट त्यांना निरुपयोगी वाटली यांत नवल तें कोणतें! या जुलुमाविरुद्ध १८२४ सालीं यॉर्क येथें व १८२६ सालीं मँचेस्टर येथें प्राचीन पाऊलवाटांच्या रक्षणार्थ मंडळ्या स्थापन झाल्या. गिरण्यांच्या शहरांत हा विचार इतक्या लौकर उपजावा हें अर्थपूर्ण आहे. ज्याच्या मालकीची एक वीतही जमीन नाहीं, त्यालाच चालावयाच्या हक्काची किंमत कळते.

कारण इंग्लंडच्या परंपरागत कायद्यांत एक विलक्षण तत्त्व आहे. जमीन कोणाचीही असो, तीवरील वाट जर एकदां सर्वांची झाली, तर ती कायमची सर्वांची. नुसत्या न वापरण्यानें ती मरत नाहीं. गवत उगवो, कांटे माजोत, शंभर वर्षांत तेथें कोणी न फिरको. कायद्याच्या रीतसर हुकुमानें बंद केली नसेल तर ती जिवंतच आहे. आणि वाट सर्वांची होते कशी? वापरानें. मात्र तो वापर तीन दोषांपासून मुक्त हवा: बळानें केलेला नको, लपून केलेला नको, परवानगी मागून केलेला नको. ही त्रिसूत्री रोमन कायद्याची. १९३२ च्या 'राइट्स ऑफ वे ॲक्ट'नें तिला मुदत घालून दिली: वीस वर्षें लोक असे उजळ माथ्यानें गेले, तर मालकानें वाट लोकांस अर्पण केली असें समजावें.

आपल्याकडे याला वहिवाट असा नामी शब्द आहे. तो 'वाहणें' आणि 'वाट' या दोहोंची आठवण एकदमच करून देतो. १८८२ च्या हिंदी सुविधाधिकार कायद्यांतही वीस वर्षांच्या शांत, उघड व हक्कानें केलेल्या उपभोगाची अट आहे, आणि शेताकडे जाणारी वाट कोणी अडविली तर १९०६ च्या कायद्याखालीं मामलेदाराच्या कोर्टांत दाद मागतां येते. पण फरक ध्यानांत घ्यावा. आपल्या वहिवाटीचा तंटा बहुधा एका शेतकऱ्याचा दुसऱ्याशीं असतो. वाट मागणाऱ्याचेंही पलीकडे शेत असतें. इंग्लंडांतील ब्रायडलवेवर हक्क सांगणारा माणूस कोठूनही आलेला, पलीकडे कांहींही नसलेला, केवळ जाणारा असा असूं शकतो.

या व्यवस्थेंत सायकल कोठें बसते? १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची सायकल काढली. १८८८ सालीं डनलप यानें बेलफास्ट येथें हवा भरलेला टायर सिद्ध केला. तत्पूर्वींच, १८७८ सालीं, सायकलवरून प्रवास करणाऱ्यांची एक मंडळी हॅरोगेट येथें निघाली होती. तीच पुढें 'सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब' या नांवानें गाजली. पण हें यंत्र कायद्याच्या दृष्टीनें काय? जनावर नव्हे, पादचारी नव्हे. १८७९ सालीं एका सायकलस्वारावर 'बेफाम गाडी हांकल्या'चा आरोप आला, तेव्हां न्यायालयानें सायकल ही त्या कलमापुरती गाडीच होय असा निर्णय दिला. आणि १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यानें ती सर्वत्र गाडी ठरली. (आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक सायकलीला पायगाडी म्हणत, म्हणजे मराठीनें तोच निकाल न्यायाधीशावांचून दिला होता.) या निर्णयानें सायकलस्वाराला हमरस्त्यावर बग्गीच्या बरोबरीचें स्थान मिळालें. त्याबद्दल क्लबांत आनंद झाला. परंतु त्याच निर्णयानें घोडवाट त्याला बंद झाली, कारण घोडवाटेवर गाडीला हक्क नाहीं. एका हातानें मिळालेलें दुसऱ्या हातानें गेलें; मात्र तेव्हां घोडवाट हवी होती कोणाला?

हवा होता तो गुळगुळीत रस्ता. आगगाडीमुळें टर्नपाइक मंडळांचें दिवाळें निघून मोठे रस्तेही उखडले होते. १८८६ सालीं सायकलस्वारांच्या दोन संस्थांनीं मिळून 'रोड्स इंप्रूव्हमेंट असोसिएशन' काढलें; रस्ते कसे बांधावे याचीं पत्रकें छापलीं, अधिकाऱ्यांच्या मागें तगादा लाविला. मोटारीचा तेव्हां पत्ता नव्हता. चांगल्या रस्त्याची मागणी मोटारवाल्यांनीं केली अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती चुकीची असून, पहिली संघटित मागणी सायकलवाल्यांची होती. त्या काळांत या वाहनाविषयीं समाजाची वृत्ति काय होती, याचा नमुना म्हणून १८९८ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सरे परगण्यांतील ऑकहॅम येथील एका खाणावळींत व्हायकाउंटेस हार्बर्टन ही कुलीन स्त्री सायकलीवरून आली. तिनें सायकलीला सोयीची अशी विजार घातली होती. मालकिणीनें तिला मुख्य कक्षांत जेवावयास बसूं देण्याचें नाकारलें. क्लबानें फिर्याद लढविली, आणि क्लब हरला. आज त्याच परगण्याच्या टेकड्यांत चिखलानें माखलेल्या बायका उपाहारगृहांत शिरतात तेव्हां कोणी मान वर करूनही पाहत नाहीं.

रस्ते सुधारले, डांबर आलें, आणि त्यावर मोटार आली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत सायकलस्वाराला आपणच मागितलेल्या रस्त्याच्या कडेला अंग चोरून जावें लागूं लागलें. कांहींजण मात्र आधींच बाजूस वळले होते. 'वेफेअरर' या टोपणनांवानें लिहिणारे डब्ल्यू. एम्. रॉबिन्सन यांनीं १९१९ च्या मार्चांत वेल्समधील बर्विन पर्वताची खिंड बर्फांतून सायकल ढकलीत, उचलीत ओलांडली आणि 'सायक्लिंग' या पत्रांत तिचें वर्णन 'ओव्हर द टॉप' या मथळ्याखालीं दिलें. नुकत्याच संपलेल्या युद्धांत खंदकांतून बाहेर पडून शत्रूवर चाल करण्यास सैनिक हेंच म्हणत; वाचकांस तो ध्वनि न सांगतां कळला असेल. या लेखानें एक संप्रदायच निर्माण केला. १९५५ सालीं लेमिन्स्टर येथील एका पथिकाश्रमांत जमलेल्या मूठभर मंडळींनीं 'रफ स्टफ फेलोशिप' स्थापिली. साध्या प्रवासी सायकली, लोंकरी मोजे, पाठीवर चहाचें भांडें. ही मंडळी दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून जात, आणि जेथें बसून जाणें अशक्य तेथें सायकल खांद्यावर घेत. कायद्याच्या कडक दृष्टीनें घोडवाटेवर सायकल चालवितांना ते सारे परभूमींत अनधिकारें शिरलेले होते. पण त्यांची संख्या थोडी व वृत्ति सौम्य, म्हणून कोणी हरकत घेतली नाहीं.

याच सुमारास पादचाऱ्यांची मोठी लढाई चालली होती, आणि तिचा लाभ सायकलस्वाराला नकळत झाला. २४ एप्रिल १९३२ रोजीं डर्बीशायरमधील किंडर स्काउट या माळरानावर शेंकडों श्रमिक तरुण मालकांच्या राखणदारांस न जुमानतां चढून गेले. त्यांपैकीं पांच जणांस कैदेच्या शिक्षा झाल्या, त्या मुख्यतः दंगलीबद्दल. वाटांच्या हक्काचा वर सांगितलेला कायदा त्याच वर्षीं झाला. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि त्यांतील एक तरतूद आमच्या विषयाला सर्वांत महत्त्वाची आहे: प्रत्येक परगण्यानें आपल्या हद्दींतील सार्वजनिक वाटांचा प्रमाण नकाशा करावा, आणि त्यांत जी वाट दाखविली ती निर्णायक पुरावा मानावी. पाहणीचें काम बहुतेक ठिकाणीं ग्रामसमित्यांकडे गेलें. एखाद्या गांवचा चिटणीस वृद्ध माणसांना विचारून, जुने नकाशे पाहून कसोशीनें काम करी. शेजारच्या गांवीं जमीनदारच समितीचा अध्यक्ष असे. परिणाम असा झाला कीं, एकच सलग, एकाच रुंदीची वाट एका गांवच्या हद्दींत घोडवाट म्हणून नोंदली गेली आणि शिंवेपाशीं तिची पाऊलवाट झाली. अशा तुटलेल्या वाटा नकाशावर आजही दाखवितां येतात. घोडा शिंवेवर अदृश्य होत नसे, हें उघड आहे. नोंद अदृश्य होई.

यानंतर १९६८ चें कलम आलें. तें करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रफ स्टफवाल्यांसारखी चार सभ्य माणसें असावीत. १९७२ सालीं 'साउथ डाउन्स वे' ही पहिली दूरच्या पल्ल्याची राष्ट्रीय घोडवाट खुली झाली. ती पुढें विंचेस्टरपर्यंत वाढवून आतां ईस्टबर्नपर्यंत सुमारें शंभर मैल भरते. डिचलिंग बीकनवरून एका हातास समुद्र व दुसऱ्या हातास वील्डचें खोरें दिसतें. मात्र शेवटीं वाट दुभंगते: पायीं जाणाऱ्यास 'सेव्हन सिस्टर्स'च्या पांढऱ्या कड्यांवरून जातां येतें, घोडा व सायकल यांस आंतल्या बाजूनें, आल्फ्रिस्टन व जेव्हिंग्टनवरून जावें लागतें. हक्काची श्रेणी तेथें डोळ्यांना दिसते.

आणि मग माउंटन बाइक आली. तिलाही इंग्लंडांत एक स्वतंत्र पूर्वज आहे. बकिंगहॅमशायरच्या चिल्टर्न टेकड्यांत जेफ ॲप्स या गृहस्थानें १९७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाची वार्ता नसतांनाच चिखलवाटांसाठीं उंच बसणीची, रुंद टायरांची सायकल बनविली. ती पुढें 'क्लीलंड' नांवानें थोडी विकली गेली. तिचा हेतु वेगानें उतरण्याचा नसून जपून, ओलांत न घसरतां जाण्याचा होता. ती इंग्रजी हवेची निपज होती आणि व्यापारांत ती टिकली नाहीं. अमेरिकन यंत्र टिकलें. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत त्या शर्यतीला स्थान मिळालें, आणि २०१२ सालीं लंडनच्या वेळीं ती एसेक्समधील हॅडली फार्मवर मुद्दाम रचलेल्या मार्गावर झाली. पण तो मार्ग बांधलेला होता. आमचा विषय न बांधलेल्या वाटेचा आहे.

त्या वाटेवर एकाएकीं शेंकडों चाकें आलीं तेव्हां कुरबूर सुरू झाली. ओला खडू साबणासारखा घसरतो, चाकाखालीं त्याचा पांढरा रेंदा होतो व उतारावर चर पडतात. घोडेस्वारांना मागून निःशब्द येणाऱ्या यंत्राची भीति वाटे. तिच्यांत तथ्य होतें. तरी एवढें म्हटलें पाहिजे कीं, रिजवेची खरी दुर्दशा केली ती चारचाकी मोटारींनीं व मोटारसायकलींनीं. २००६ मध्यें नवे निर्बंध येईपर्यंत त्यांनीं कित्येक ठिकाणीं वाटेचे खंदक करून टाकले होते. सरेमधील हर्टवुडची गोष्ट याहून निराळी आहे. तेथें शीअर जहागिरीचे धनी रेजिनल्ड ब्रे यांनीं १९२६ सालीं आपण होऊन लोकांस हवेसाठीं व व्यायामासाठीं रानांत फिरण्याची मोकळीक दिली. आज होल्मबरी व पिच हिलच्या झाडींतून सायकलस्वारांनीं काढलेल्या नागमोडी वाटा देशभर प्रसिद्ध आहेत आणि पीसलेक हें चिमुकलें गांव त्यांचें ठाणें झालें आहे. पण ही मोकळीक आहे, वहिवाट नव्हे. मागून मिळालेल्या वाटेवर कितीही वर्षें गेलें तरी, वरील त्रिसूत्रीप्रमाणें, हक्क उत्पन्न होत नाहीं.

इंग्लंडांत सार्वजनिक वाटांचें जाळें सुमारें १,८८,००० किलोमीटरांचें आहे. त्यांपैकीं सायकलीला खुल्या वाटा अवघ्या २२ टक्के. उत्तरेस स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें जबाबदारीनें वागणाऱ्या प्रत्येकास, सायकलस्वारासह, बहुतेक सर्व भूमीवर जाण्याची मुभा दिली. तेथें वाट घोड्याची कीं पायाची हा प्रश्नच उरला नाहीं. इंग्लंडनें तो मार्ग पत्करला नाहीं. तेथें प्रत्येक वाटेला आपला दाखला दाखवावा लागतो. २००० सालच्या कायद्यानें तर अशी मुदत घातली होती कीं, १९४९ पूर्वींच्या ज्या वाटा प्रमाण नकाशावर राहून गेल्या असतील त्यांची नोंद २०२६ च्या आरंभापर्यंत मागावी, नाहींतर त्या बहुतांशीं नष्ट होतील. शतकानुशतकें 'एकदां वाट ती सदैव वाट' म्हणणाऱ्या देशानें हा नियम करावा, हें आम्हांस पटत नाहीं. २०२३ सालीं ती मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यांत आली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत सरकारनें इंग्लंडपुरती ती मुदतच काढून टाकण्याचा मानस जाहीर केला.

या मुदतीच्या धाकानें एक नवा उद्योग मात्र सुरू झाला. घोडेस्वार, पादचारी व सायकलस्वार, जे टेकडीवर एकमेकांस दूषणें देतात, ते परगण्यांच्या दप्तरखान्यांत एका मेजाशीं बसून जुने कागद चाळूं लागले. कुंपणबंदीच्या आयुक्तांचे निवाडे, १८३६ नंतरचे धर्मादाय कराचे नकाशे, जुन्या भूमापनाचीं पत्रकें. त्यांत सर्वांत गमतीचे कागद १९१० च्या सुमाराचे आहेत. लॉइड जॉर्ज यांनीं तेव्हां जमिनीच्या मूल्यावर कर बसविण्याचें ठरविलें होतें, आणि त्यासाठीं देशांतील जमिनींचे नकाशे मालकवार रंगविण्यांत आले. सार्वजनिक रस्ता असेल ती पट्टी बहुधा कोरी सोडीत. आणि आपल्या शेतांतून लोकांची पाऊलवाट किंवा घोडवाट जाते असें मालकानें लिहून दिलें तर त्याच्या जमिनीचें मूल्य तेवढें कमी धरीत. कर वांचविण्यासाठीं पुष्कळांनीं तसें लिहून दिलें. ज्या वाटेची आठवण गांवाला राहिली नाहीं, ग्रामसमितीनें जिची नोंद केली नाहीं, तिची साक्ष अशा रीतीनें पुष्कळदां जमीनदाराच्या स्वतःच्या सहीनिशीं त्या दप्तरांत पडून आहे. आणि हातांत भिंग घेऊन, नकाशावरील गुलाबी व पिवळ्या तुकड्यांमधून गेलेली ती कोरी पट्टी शोधीत, कोणीतरी सायकलस्वार तेथें बसलेला असतो.